काट्यापुढचा रस्ता

आमच्या घरात दोन वर्षं एकच भांडण चाललं होतं आणि ते दारातच उभं असायचं. राखाडी रंगाचं, हाताने गियर टाकायचं, आणि सुरू होताना म्हाताऱ्या माणसासारखं आधी खोकून घेणारं. माझे सासरे डॉक्टर जयसिंग शिंगटे हे गुरांचे डॉक्टर, सारं रहिमतपूर त्यांना नाना म्हणतं. ही त्यांची गाडी. माझा नवरा धैर्यशील बँकेत कर्जाच्या टेबलावर असतो, आणि कर्जाच्या टेबलावरच्या माणसाला दुसऱ्याच्या दारातली जुनी वस्तू बघवत नाही. स्वतःच्या दारातली तर नाहीच नाही.

"नाना, गल्लीत सगळ्यांकडे बिनचालकाच्या गाड्या आल्या. हाक मारली की येते, बसलं की जाते. तुम्ही अजून क्लच दाबत बसलाय."

"दाबतोय की. पाय हायत तोवर दाबणार."

"दर महिन्याला काहीतरी निघतं. मागं सायलेन्सर, त्याच्या आधी रेडिएटर."

"आणि तुझ्या नव्या गाडीचा हप्ता? तो दर महिन्याला न्हाई निघणार?"

इथे धैर्यशील गप्प व्हायचा. हप्ता हा शब्द त्याला लोकांच्या गळ्यात मारायला आवडतो, स्वतःच्या गळ्यात नको असतो.

माझ्या सासूबाई, शालनआई, ह्या भांडणात कधी पडायच्या नाहीत. पदराखाली हात घेऊन खुर्चीत बसायच्या आणि ज्याचं बोलणं चालू असेल त्याच्याकडे बघायच्या. त्यांचा अर्धा जन्म नानांच्या शेजारी गेला होता. आधी मोटरसायकलवर मागे, मग गाडीत डावीकडे, मांडीवर औषधांची पेटी. नाना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी आसपासच्या खेड्यांतली जुनी माणसं गाय अडली की अजून त्यांनाच फोन करायची, आणि दोघं निघायची.

मी ऋतुजा. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. त्यामुळे घरात मला पंच नेमतात आणि निकाल दिला की दोन्ही बाजू माझ्यावरच फुगतात. ह्या खेपेला मी म्हटलं, मी नाही निकाल देणार, तराजू लावू.

तराजू हे त्या यंत्राचं खरं नाव नव्हे. खरं नाव लांबलचक आहे, ते फक्त पावतीवर छापतात. पूर्वी गाडीचं वय झालं की तिला सरसकट भंगारात काढायचे. लोकांनी ओरड केली, की धडधाकट गाडी नुसत्या वयावरून का मोडायची? तेव्हा हे यंत्र आलं. म्हाताऱ्या गाडीला काही महिने ते लावायचं, आणि त्याचा निकाल बघून मालकाने ठरवायचं, ठेवायची की बदलायची.

मुळात ते नदीवरच्या जुन्या पुलांसाठी केलेलं होतं. वाळकी काटकी वाकवून बघा, मोडायच्या आधी ती करकरते. लोखंडही करकरतं. आत केसाहून बारीक चीर पडली की तिथून एक लहर निघते, पण तिचा सूर इतका वरचा असतो की माणसाच्या कानाला लागत नाही. गाडीच्या सांगाड्याला रुपयाएवढ्या चकत्या चिकटवल्या की त्या ही करकर ऐकत राहतात आणि कुठला सांधा किती टिकेल ते सांगतात.

हे अर्धं काम. उरलेलं अर्धं म्हणजे तोलणं. आपण गाडीचा खर्च म्हणतो तेव्हा इंधन, दुरुस्ती आणि विमा एवढंच बोलतो. तराजू त्यात शेजाऱ्याच्या छातीत गेलेला धूरही घालतो. पण तो नव्या गाडीलाही सोडत नाही. नवी कोरी गाडी दारात येते, तिने अजून वीतभर रस्ता कापलेला नसतो, तरी खाणीत फोडलेला दगड, भट्टीत जळलेला कोळसा, बॅटरीसाठी कुठल्या तरी लांबच्या देशात उपसलेलं पाणी हे सगळं तिच्या नावावर चढलेलं असतं. शोरूमच्या दारातून बाहेर पडताच तिची किंमत उतरते, ती वेगळीच.

आणखी एक गोष्ट तो मोजतो. ती यंत्राच्या माहितीपत्रकात बारीक अक्षरात होती आणि घरात माझ्याशिवाय कुणी वाचली नाही. समजा गाडी चालताना डावीकडे जाते. गाडी ओढते आहे की चालवणारा ओढतो आहे? गाडीचा दोष काढायचा तर माणसाचा वाटा वजा करायला हवा, आणि वजा करायचा तर आधी तो मोजायला हवा. सरळ रस्त्यावरही माणसाचा हात स्टिअरिंगवर गप्प नसतो. डोळ्याला दिसल्यापासून हाताने सावरेपर्यंत किती वेळ गेला, हात नुसता टेकलेला असताना त्यात कंप किती, हे सगळं यंत्र टिपतं. मात्र गाडीच्या आत कॅमेरा लावायला कायद्याने बंदी आहे. गाडीच्या कागदांवर ज्याचं नाव चालक म्हणून लागलेलं, तोच चालवतोय असं धरून यंत्र चालतं.

"लाव लाव," नाना म्हणाले. "पास होतीय बघ माझी गाडी."

"कशाला लावायचं?" आई म्हणाल्या. "चाललंय ते बरं चाललंय." दोन वर्षांतलं ह्या विषयावरचं त्यांचं हे पहिलं वाक्य. कुणी लक्ष दिलं नाही.

निकालाला साताऱ्याच्या तपासणी केंद्रावर नाना, धैर्यशील आणि मी असे तिघं गेलो. आई भिशीला गेल्या होत्या. केंद्रावर साळुंखेबाई म्हणून एक तरतरीत बाई होत्या. त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर गाडीचा सांगाडा दाखवला आणि एकदम म्हणाल्या, "गाडी ठेवा. अंगाने ठणठणीत आहे. उसाच्या इंधनावर चालते, धूर बेताचा. बदललीत तर नुकसान तुमचंही आणि जगाचंही."

नानांनी धैर्यशीलच्या पाठीत असा धपाटा घातला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "ऐकलंस का, साहेब?"

"पण एक आहे," साळुंखेबाईंचा आवाज जरा खाली आला. "सगळ्यात जड वजन गाडीचं नाही निघालं. चालवणाऱ्याचं निघालं."

पडद्यावर आमच्या भागाचा नकाशा आला. रस्ते कुठे हिरवे, कुठे लाल. "गावात हात चांगला आहे, हे बघा, हिरवं. गावाबाहेर पडलं, वेग आला, की लाल. दिसणं आणि सावरणं ह्यात अंतर पडतंय. शिवाय हात टेकलेला असला की एक ठरावीक थरथर आहे, सेकंदाला पाचएक वेळा. डोळ्याला दिसेल न दिसेल इतकी. मी डॉक्टर नाही. पण असं दिसलं की मेंदूच्या डॉक्टरांकडे पाठवा, असं आम्हाला शिकवलंय."

"पार्किन्सन?" धैर्यशीलने विचारलं.

"सुरुवात असू शकते. लवकर दाखवा."

नाना नकाशाजवळ गेले. रहिमतपूरमधून निघालेल्या रस्त्यावर त्यांनी बोट ठेवलं आणि ते हळूहळू बाहेर सरकवत नेलं. हिरवं संपून लाल सुरू झालं तिथे बोट थांबलं. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि धैर्यशीलच्या हातावर ठेवली. ज्या किल्लीसाठी हा माणूस दोन वर्षं पोटच्या पोराशी भांडला, ती त्याने अशी देऊन टाकली. मला वाटलं, घाबरले. माणूस घाबरला की असाच एकदम शहाणा होतो.

बाहेर आल्यावर ते म्हणाले, "शालनला एवढंच सांगा, माझे हात गेले. नकाशेबिकाशे काय सांगू नका. उगंच भ्यायची."

घरात दुसऱ्या दिवसापासून आम्ही सगळे तराजू झालो. नानांनी कप उचलला की सहा डोळे त्या कपावर. चहा अर्धाच ओतायचा, म्हणजे सांडायला नको. भाजी चिरायला घेतली की सुरी काढून घ्यायची. धैर्यशील अचानक श्रावणबाळ झाला, बापाच्या शर्टाची बटणं लावायला लागला, आणि त्याच हाताने फोनवर नवी बिनचालकाची गाडीही नोंदवून बसला. निकाल गाडीच्या बाजूने लागला आणि तरी गाडी हरली, हे माझ्याशिवाय कुणाला खटकलं नाही. नाना नुसते म्हणाले, "घे."

डॉक्टरकडे मात्र ते येईनात. "मला काय झालंय ते मला म्हाईत हाय. त्याला औषध न्हाई. उगंच सुया टोचून घ्यायला मी काय बैल हाय?" रोज नवी सबब. धैर्यशीलने दोनदा वेळ घेतली, दोनदा रद्द करावी लागली.

आणि आई. आईंनी नवऱ्याचं दुखणं अंगावरच घेतलं. रोज संध्याकाळी तिळाचं तेल कोमट करून त्या नानांच्या समोर पाटावर बसायच्या आणि त्यांचे हात चोळायच्या. आधी मनगट, मग तळवा, मग एकेक बोट. नाना मान वळवून खिडकीबाहेर बघत राहायचे. मी एकदा दारातून बघितलं. आई तेलात उजवा हात बुडवायला वळल्या होत्या, डावा नानांच्या मनगटावर होता, आणि नानांचा हात थरथरत होता. बारीक, एका लयीत. तेव्हा माझी उरलीसुरली शंकाही गेली. मला रडूच आलं.

मग मानेंची गाय बसली.

माने आमच्या मागच्या दारचे शेजारी. त्यांची गाय विऊन दुसरा दिवस, आणि सकाळी ती गोठ्यात मान टाकून पडलेली. सरकारी डॉक्टर लांब कुठल्यातरी गावी अडकलेला. मानेकाकू आमच्या दारात येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. त्यांनाही नानांच्या हातांचं कळलं होतं, त्यामुळे तोंडाने मागता येईना.

"कॅल्शियम उतरलंय, दुसरं काय न्हाई," नाना चपला घालतच म्हणाले. "ऋतुजा, बाटली धरायला चल."

मला धीर होत नव्हता, पण गेले. हे औषध गाईच्या मानेतल्या शिरेत द्यायचं असतं, तेही अगदी सावकाश. सुई जरा हलली की शिरेबाहेर जातं, घाई झाली की गाईचं हृदयच थांबतं. नानांनी अंगठ्याने शीर दाबली आणि सुई पहिल्या फटक्यात आत गेली. मग ते गुडघ्यावर बसले, हात गाईच्या मानेवर टेकवला आणि बाटली रिकामी होईपर्यंत सुई धरून राहिले. मी बाटली उंच धरून उभी होते आणि माझाच हात कापत होता. त्यांचा नव्हता. टेकलेला हात, सेकंदाला एकदाही नाही. थोड्या वेळाने गाईने कान हलवले, मग पुढचे पाय सावरले आणि उठली. मानेकाकू नानांच्या पायाच पडायला लागल्या.

मी घरी येऊन कॉलेजला दांडीचा फोन केला आणि केंद्राने निकालासोबत पाठवलेला तो नकाशा पुन्हा उघडला. हात बरा असेल तर यंत्र खोटं असायला हवं. यंत्रही खोटं नसेल तर माझं काहीतरी चुकतंय. शिक्षकाला हे फार वेळ सोसत नाही.

वेग वाढला की हात ढळतो, असं साळुंखेबाई म्हणाल्या होत्या. पण लाल रंग सुरू व्हायचा तो गावाबाहेरच्या उसाच्या वजनकाट्यापाशी. तिथे तर रस्ता अरुंद, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग, वेग कसला येतोय? आणि प्रत्येक वेळी लाल सुरू व्हायच्या आधी गाडी थांबलेली होती. पुढे एखाद्या गावाच्या शिवेवर पुन्हा थांबलेली, मग हिरवं. गाव सुटलं की पुन्हा थांबलेली, मग लाल.

मी स्कूटर काढली आणि काट्यावर गेले.

काट्याच्या समोर हौसाबाईंची चहाची टपरी आहे. मी चहा सांगितला आणि विचारलं, "मावशी, डॉक्टर शिंगट्यांची गाडी इथं थांबते का हो?"

"थांबती की! आता लई दिस झालं दिसली न्हाई. बरी हायती न्हवं दोगं?" त्यांनी गाळणी आपटली. "डॉक्टर हितं उतरायचं, च्या प्यायचं, पाय झटकायचं. त्येंचा उजवा पाय बधिर हुतोय न्हवं, लई येळ बसलं की. आन् मग हितनं पुढं बाई बसायच्या चाकावर."

"कोण बाई?"

"आता कोण म्हंजी? त्येंची बायकू! लई झ्याक चालीवत्यात. काटा वलांडला की ह्या अशा सुटत्यात." हौसाबाईंनी हात लांब केला, रस्त्याच्या टोकापर्यंत. "गावाच्या शिवंवर परत डॉक्टर बसत्यात, म्हनं. गडी मानूस डाव्या अंगानं उतरल्याला बरा दिसत न्हाई, असं त्याच म्हनल्या मला. हासत हुत्या."

नानांचा हात थरथरताना मी माझ्या डोळ्यांनी बघितला होता. पण त्यावर आईंचा हात ठेवलेला होता. सुई धरताना तो नव्हता.

मी परतले तेव्हा नाना अंगणात ती गाडी पुसत होते. विकायला निघालेली गाडी इतकी कुणी पुसत नाही. आई देवळात गेल्या होत्या.

"नाना, मी काट्यावर जाऊन आले."

फडकं थांबलं. त्यांनी ते घडी करून बॉनेटवर ठेवलं, घडी मोडली, पुन्हा घातली.

"कधी शिकल्या आई?"

"पाय बधिर व्हायला लागला तेव्हा. काट्यापुढं रस्ता मोकळा असतो, म्हटलं, बस. म्हाताऱ्या वयात कुणी शिकतं का? महिन्यात शिकली. लायसन काढलं साताऱ्याला जाऊन, तुम्हाला सांगितलं दाताच्या डॉक्टरकडं जातोय." ते हसले आणि हसू पुरतं टिकलं नाही. "पोरी, जन्मभर ती पेटी मांडीवर घेऊन बसलेली बाई. चाकावर बसली की गाणं म्हणायची. मी कधी तिचं गाणं ऐकलं नव्हतं."

"आणि हात?"

"टीव्ही बघताना दिसला. डावा. अंगठा आणि बोट एकमेकांवर फिरत होतं, जपमाळ ओढावी तसं. मी मुक्या जनावरांचा डॉक्टर, मला बघूनच कळायला लागतं. पण गियरवर हात गेला की थरथर बंद! एकदम बंद. मला वाटलं, हेच तिचं औषध. हा धैर्या म्हणतो नवी गाडी घ्या, आपोआप चालती. त्या गाडीत तिनं काय करायचं? पुन्हा पेटी घेऊन बसायचं?"

तर हे होतं दोन वर्षांच्या भांडणामागे. आम्ही सायलेन्सर आणि हप्ते मोजत होतो.

"तिथं केंद्रावर त्या बाईनं सांगितलं, सावरायला वेळ लागतोय. म्हटलं, आता चाक तिच्या हातात द्यायचं न्हाई. उद्या कुणाचं पोर आडवं आलं तर? पण तिला कारण कळू द्यायचं न्हाई. माझ्यावर घेतलं, सुटलं."

"आणि त्यांचा आजार? तो सुटला?"

"औषध न्हाई त्याला, ऋतुजा. आमच्या धंद्यात एक रीत हाय. ज्याला औषध न्हाई, ते मालकाला सांगायचं. जनावराला सांगायचं न्हाई."

मला इतका राग आला की आवाज फुटला. "आई जनावर नाहीत, नाना. आणि तुम्ही मालक नाही."

ह्या घरात येऊन मला इतकी वर्षं झाली, मी त्यांना असं कधी बोलले नव्हते. पण मला थांबायचं नव्हतं.

"आणि औषध आहे. तुमच्या वेळी नव्हतं. आता आहे. ह्या आजारात मेंदूतल्या काही पेशी एकेक करून मरत जातात. त्यांना तगवून धरणारं इंजेक्शन निघालंय, साताऱ्याला मिळतं. फक्त गेलेल्या पेशी ते परत आणत नाही. ज्या उरल्यात, तेवढ्याच वाचतात. म्हणून त्या बाई म्हणाल्या, लवकर दाखवा."

नाना पायरीवर बसले. "मी दोन वर्षं बघतोय तो हात," ते म्हणाले. "दोन वर्षांत किती गेल्या असतील?"

ते तराजूनेही मोजलं नव्हतं.

"तुम्ही सांगता की मी सांगू?"

"मी सांगतो," ते म्हणाले. पण आई देवळातून आल्या तेव्हा ते गप्प राहिले, जेवतानाही गप्प राहिले, आणि संध्याकाळी आईंनी तेल कोमट करून आणलं तेव्हा सवयीने हात पुढे करून बसले.

मी दारात उभी राहिले, मुद्दाम, त्यांना दिसेल अशी. धैर्यशील बँकेतून येऊन मोजे काढत होता. आईंनी मनगट चोळलं, तळवा चोळला. तेलात बोटं बुडवायला वळल्या, डावा हात नानांच्या हातावर टेकला, आणि दोन्ही हात थरथरायला लागले. नानांनी आपला हात हळूच खालून काढून घेतला.

आईंचा हात एकटाच पाटावर राहिला. थरथरत.

"हे बघ शालन," नाना म्हणाले. "माझं काय थरथरत न्हाई."

आईंनी पटकन हात पदराखाली घेतला. आम्हा सगळ्यांकडे आळीपाळीने बघितलं, मोजे हातात धरून उभ्या राहिलेल्या धैर्यशीलकडेसुद्धा. बाई हुशार, काट्यापुढे चाक कुणाच्या हातात होतं हे त्यांना कुणी सांगायला नको होतं.

"यंत्रानं सांगितलं ते माझं?"

"तुझं."

"आणि तुम्हाला कळलं होतं?"

"व्हय. तिथंच. आधीपास्नं."

आईंनी तेलाच्या वाटीकडे बघितलं. "मग इतके दिवस," त्या म्हणाल्या, "मी रोज बसून चोळत होते, ते काय होतं? मला वाटलं तुमचं कमी होतंय. मला वाटायचं, माझ्या हातांना गुण आहे."

नानांनी त्यांचा हात धरायला हात पुढे केला. आईंनी दिला नाही. उठून वाटी ओट्यावर ठेवून आल्या आणि त्या संध्याकाळी कुणाशी बोलल्या नाहीत. मला वाटत होतं, सांगितलं की मोकळं होईल. काही मोकळं झालं नाही.

सकाळी साताऱ्याच्या डॉक्टरांकडे जायला धैर्यशीलने बिनचालकाची भाड्याची गाडी बोलावली. ती दारात येऊन नम्रपणे दिवे लुकलुकवत उभी राहिली.

"आपल्या गाडीनं," आई म्हणाल्या. एवढंच.

भाड्याची गाडी परत गेली. चाकावर नाना, त्यांच्या शेजारी धैर्यशील, मागे आई आणि मी. गाव हळूहळू मागे पडलं. काटा जवळ आला तसे नाना चुळबुळायला लागले. उजवा पाय बधिर झाला होता. त्यांनी गाडी टपरीसमोर घेतली आणि थांबवली. ते उजवीकडून उतरले, आणि सवयीने आईंनीही आपलं दार उघडलं. दोघं बॉनेटसमोर आली, जशी दर खेपेला यायची तशी. समोरासमोर उभी राहिली. हौसाबाईंनी टपरीतून हात केला. त्यांना काय ठाऊक?

आईंनी एकदा चाकाकडे बघितलं. मग नानांच्या दंडाला धरून त्यांना मागच्या दारापर्यंत आणलं, स्वतः आधी आत सरकून मधे माझ्या शेजारी बसल्या आणि त्यांना कडेला बसवलं. "धैर्या, तू बस तिकडं."

"आई, मला गियरची गाडी कुठं येते?"

"मी सांगते."

धैर्यशील चाकावर बसला. गाडीने पहिल्यांदा गचका खाल्ला आणि बंद पडली. दुसऱ्यांदाही. मागे उसाची ट्रॉली भोंगा वाजवायला लागली.

"क्लच पूर्ण दाब. आता पहिला. क्लच सोड, हळू. हळू म्हणते ना? एवढी कसली घाई?"

गाडी सुटली. काट्यापुढचा रस्ता खरोखरच मोकळा आहे. दोन्ही बाजूंना तुरे आलेला ऊस आणि मधे सरळ, लांब पट्टा. आईंचा डावा हात माझ्या बाजूला मांडीवर होता आणि थरथरत होता. आता त्या पदराखाली घेत नव्हत्या. पलीकडून नाना त्या हाताकडे बघत होते.

"दुसरा टाक," आई म्हणाल्या, आणि म्हणताना त्यांचा हात हवेत पुढे गेला, न दिसणाऱ्या दांड्याला धरून मागे ओढला. तेवढ्यापुरती थरथर थांबली. हात मांडीवर आला, पुन्हा सुरू झाली.

"आता तिसरा."

हात पुन्हा पुढे गेला. साताऱ्यापर्यंत अजून बराच रस्ता होता, आणि चौथा गियर टाकायचा राहिला होता.